मांजराची सर्दी आणि आपली पुडी

शार्ङ्गधरसंहितेच्या मानपरिभाषेत कर्षाची जी पर्यायनामे दिली आहेत, त्यांत 'बिडालपदक' हे एक नाव आहे. नेत्ररोगचिकित्सेत पापण्यांच्या बाहेरून करावयाच्या लेपाला आपण 'बिडालक' म्हणतो. चरकसंहितेच्या अन्नपानविधी अध्यायात मार्जाराची गणना 'प्रसह' वर्गात, म्हणजे झडप घालून खाणाऱ्या प्राण्यांत केली आहे. मांजर आपल्या शास्त्राला अपरिचित नाही. ते आपल्या तराजूत आहे, लेपात आहे, द्रव्यगुणातही आहे. मात्र त्याला सर्दी झाली असता कोणते औषध किती मात्रेत द्यावे, हे सांगणारे वचन आपल्या नित्य अभ्यासाच्या ग्रंथांत नाही. हा प्रश्न दवाखान्यात आणि औषधी दुकानाच्या फळीवर वारंवार येऊ लागल्यामुळे त्याचा विचार या पानांतून व्हावा, असे वाटते.

पेठ वडगाव आणि हातकणंगले तालुक्याचा हा परिसर उसाचा आणि दुभत्या जनावरांचा. येथे जनावरांचे औषधपाणी ही नवलाची गोष्ट नाही. गोकुळ आणि वारणा या दूध संघांमुळे गायी-म्हशींसाठी पशुवैद्यकीय सेवा गोठ्यापर्यंत पोहोचली. मांजर मात्र या व्यवस्थेच्या बाहेर राहिले. धान्याच्या पोत्यांचे उंदरांपासून रक्षण करावे आणि चुलीजवळ पडून राहावे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित होते. अलीकडे चित्र पालटले आहे. मांजर आता घरातील मुलांचे सोबती झाले आहे. त्याला शिंका येऊ लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहू लागले, त्याने ताटलीकडे पाठ फिरवली, की घरातील माणसे अस्वस्थ होतात. आणि म्हशीचा डॉक्टर मांजराला पाहील की नाही या शंकेने ती जवळच्या वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतात. "आपल्या आयुर्वेदिक औषधाचा काही अपाय नसतो, थोडेसे द्या," ही त्यांची विनंती असते. विनंती भाबडी आहे, परंतु तिच्यामागची श्रद्धा आपणच निर्माण केलेली आहे. म्हणून उत्तराची जबाबदारीही आपलीच.

माझे मत आरंभीच स्पष्टपणे मांडतो. मांजराच्या सर्दीसाठी वैद्याने पुडी बांधू नये आणि दुकानदाराने बाटली काढू नये. त्याऐवजी घरी करावयाची शुश्रूषा नीट समजावून सांगावी, धोक्याची लक्षणे सांगावीत आणि पशुवैद्यकाकडे पाठवावे. हे मत केवळ कायद्याच्या भीतीपोटी नाही. आपल्याच शास्त्राच्या पायावर ते उभे आहे.

परंपरा काय सांगते?

काही वैद्यबंधू म्हणतील की पशुचिकित्सा हा आयुर्वेदाचाच भाग आहे. मग मांजराचेच वावडे का? हा आक्षेप विचारार्ह आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून प्रसिद्ध केला. शालिहोत्राच्या नावाने अश्वचिकित्सेची मोठी परंपरा चालत आली. ज्या पेठ वडगावात सेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे, त्या गावाला घोड्याचे मोल वेगळे सांगावयास नको; ज्यांच्या धाकाने मोगलांची घोडी पाणी पीत नसत अशी आख्यायिका आहे, त्यांच्या स्वतःच्या घोड्यांची काळजीही जाणत्यांच्या हाती असणारच.

परंतु या परंपरेचे मर्म काय आहे? हत्तीसाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला गेला, घोड्यासाठी स्वतंत्र लिहिला गेला. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात अकराव्या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा, मेंढी आणि बकरी यांच्या बस्तीचा विचार येतो, तोही प्रत्येकाचे बस्तियंत्र, मात्रा आणि द्रव्ये वेगळी सांगून. माणसाची मात्रा वजनाच्या हिशेबाने वाढवून हत्तीला द्यावी, असे आचार्यांनी म्हटलेले नाही. प्रत्येक प्राण्याची प्रकृती, सात्म्य आणि अग्नी भिन्न आहेत, हे त्यांनी गृहीत धरले. त्या यादीत मांजर नाही. ज्या प्राण्याविषयी आचार्य मौन बाळगतात, तेथे "लहान जीव, लहान मात्रा" हे सूत्र आपण परंपरेच्या नावाने चालविणे उचित नव्हे.

मांजराचा अग्नी निराळा

आधुनिक प्राणिविज्ञानाने मांजराच्या बाबतीत जे शोधले आहे, ते प्रत्येक वैद्याने आणि औषधी दुकानदाराने जाणून घेण्यासारखे आहे. माणसाचे यकृत अनेक औषधे आणि वनस्पतिजन्य द्रव्ये ग्लुक्युरॉनिक आम्लाशी जोडून शरीराबाहेर टाकण्यायोग्य करते. या कामासाठी लागणारे एक महत्त्वाचे विकर मांजरात तयारच होत नाही, कारण त्याची जनुक-आज्ञा निकामी झालेली आहे. असे का झाले असावे, याचे स्पष्टीकरण त्याच्या आहारात शोधले जाते. केवळ मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतील फिनॉलवर्गीय द्रव्यांचा निचरा करण्याची गरजच फारशी पडली नाही. गोड चवीचेही तसेच. मांजराला गोड चव कळतच नाही, कारण ती ओळखणाऱ्या ग्राहकाचे एक जनुक त्याच्यात मोडलेले आहे, हे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. आपला निघंटू बहुतांशी वनस्पतींचा. ज्या प्राण्याचे यकृत वनस्पतिजन्य द्रव्यांसाठी घडलेलेच नाही, त्याच्या हाती आपण तोच निघंटू सोपवीत असतो. "वनस्पती आहे, म्हणून निर्धोक आहे" हे विधान माणसाच्या बाबतीतही अर्धसत्य आहे. मांजराच्या बाबतीत तर ते सरळ उलटे ठरू शकते.

फळीवरील नेहमीची औषधे

प्रतिश्यायात आपण सहज जी औषधे देतो, ती एकेक करून पाहावीत.

त्रिभुवनकीर्ती रसात हिंगूळ आणि वत्सनाभ आहेत, शिवाय धोत्र्याच्या रसाची भावना आहे. वत्सनाभाचा समावेश औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मध्ये विषारी द्रव्यांत केलेला आहे, आणि अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. माणसात ज्या कल्पाची मात्रा आपण मोजून-मापून देतो, तो तीन-चार किलो वजनाच्या प्राण्याला अंदाजाने देणे म्हणजे चिकित्सा नव्हे.

सितोपलादी चूर्ण सौम्य समजले जाते. परंतु मांजराला त्यातील खडीसाखरेचा गोडवा कळत नाही आणि पिप्पलीचा तिखटपणा सहन होत नाही. कोरडे चूर्ण बळेच तोंडात टाकले की ते फेस गाळते, धडपडते आणि चूर्ण श्वासमार्गात जाण्याचा धोका उद्भवतो. मधाचे अनुपान त्याला आमिष ठरत नाही. आसव-अरिष्टांतील स्वयंजनित मद्यार्क एवढ्याशा शरीराला घातक आहे.

नस्याचा मोहही आवरावा. अणुतैल असो वा साधे तूप, झटापट करणाऱ्या मांजराच्या नाकात स्नेह सोडला की तो फुप्फुसात उतरून दाह उत्पन्न करू शकतो. कापूर, निलगिरी, पुदिन्याचे सत्त्व, गंधपुरा यांचे बाम आणि तेले तर मांजराच्या अंगाला, अंथरुणाला किंवा वाफेच्या पाण्यातही लावू नयेत. मांजर अंग चाटून स्वच्छ करते. जे कातडीला लावले ते पोटात गेले असेच समजावे. गंधपुऱ्याच्या तेलातील सॅलिसिलेट माणसाच्या शरीरातून काही तासांत कमी होते, मांजराच्या शरीरात ते दिवसेंदिवस रेंगाळते. ओवा-गुग्गुळाचे धूपन बंद खोलीत केल्यास आधीच सुजलेल्या श्वासमार्गाला धुराची भर पडते.

ज्यांच्या दुकानात आधुनिक औषधेही असतात, त्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. पॅरासिटामॉल हे मांजराला विष आहे. ५०० मि.ग्रॅ.च्या गोळीचा पाव भाग म्हणजे १२५ मि.ग्रॅ. चार किलोच्या मांजरात तो किलोमागे ३० मि.ग्रॅ.हून अधिक होतो. आणि किलोमागे १० मि.ग्रॅ. एवढ्या प्रमाणातही विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्तातील हिमोग्लोबिनचे प्राणवायू वाहण्याचे सामर्थ्य नष्ट होते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, चेहरा आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. लहान मुलांचे गोड सिरप म्हणजेही तेच औषध. असे औषध अनवधानाने दिले गेल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाकडे धाव घेण्यास सांगावे. वेळेत गेल्यास प्रतिविष उपलब्ध असते. घरात उरलेले प्रतिजैविकही देऊ नये. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी कोरडीच गिळविल्यास ती मांजराच्या अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण करते.

लंघन नव्हे, बृंहण

नवप्रतिश्यायात लंघन हा आपला पहिला उपदेश. मांजराच्या बाबतीत तोच सर्वांत घातक ठरतो. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले, विशेषतः ते स्थूल असेल, तर शरीरातील मेद यकृताकडे धावतो, यकृत मेदाने भरते आणि कावीळ होऊन प्राणी दगावू शकतो. म्हणून "खात नाही ना, राहू द्या, पोटाला विश्रांती मिळेल" हे वाक्य वैद्याच्या तोंडून जाऊ नये. प्रकृती आणि सात्म्य पाहून पथ्य ठरवावे, हे आपलेच सूत्र. ते येथे लंघनाच्या विरुद्ध दिशेने नेते.

मांजर चवीपेक्षा गंधावर जेवते. नाक चोंदले की अन्न असूनही ते त्याला नसल्यासारखेच. म्हणून हाडे काढलेली उकडलेली कोंबडी किंवा मासा कोमट करून, गंध सुटेल असा, थोडा थोडा वारंवार द्यावा. मीठ नको, मसाला नको. कोल्हापुरी घरात तांबड्या-पांढऱ्या रश्शातील फोड काढून देण्याची रीत आहे. ती अशा वेळी नव्हे, कधीच नसावी. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात. हळदीचे कोमट दूध हा घरोघरचा उपाय. पण वाढ झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही, जुलाब होतात आणि सर्दीने आधीच कमी झालेले शरीरातील पाणी आणखी कमी होते. स्वच्छ पाणी आणि बिनमिठाचे, बिनमसाल्याचे उकडीचे पाणी पुरेसे.

घरची शुश्रूषा

मांजराची सर्दी बहुतांशी दोन विषाणूंमुळे होते: मांजराचा हर्पीस विषाणू आणि कॅलिसि विषाणू. शिंका, नाक-डोळ्यांतून स्राव, ज्वर, आणि कॅलिसिमध्ये जिभेवर व्रण, ही लक्षणे. साधारणपणे सात ते दहा दिवसांत उतार पडतो. हर्पीस विषाणू मात्र शरीरात आयुष्यभर दडून राहतो आणि घर बदलणे, नवे मांजर येणे, प्रसूती, आजारपण अशा ताणाच्या वेळी पुन्हा डोके वर काढतो. हे दोन्ही विषाणू माणसाला बाधत नाहीत, हे सांगितले तर घरातील वृद्धांचा धसका जातो.

शुश्रूषेची मांडणी सोपी आहे. मांजराला शांत, उबदार, वाऱ्याचा झोत नसलेल्या जागी, घरातील इतर मांजरांपासून वेगळे ठेवावे. त्याची ताटली वेगळी असावी आणि त्याला हाताळल्यावर हात धुवावेत. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने नाक आणि डोळे पुसावेत, प्रत्येक डोळ्याला कापूस वेगळा. स्नानगृहात गरम पाणी सोडून वाफ भरावी आणि मांजराला जवळ घेऊन दहा-पंधरा मिनिटे तेथे बसावे. पाण्यात काहीही घालू नये आणि मांजराचे तोंड भांड्यावर धरू नये. चुलीचा, उदबत्तीचा, गुऱ्हाळाचा धूर टाळावा. फरशी पुसण्यास फिनाईल वापरू नये. फिनॉलवर्गीय द्रव्ये पंजांवाटे चाटली जातात. कॅलिसि विषाणू वस्तूंवर आठवडेच्या आठवडे टिकतो, तो साध्या साबणाने जात नाही. कपडे धुण्याचा ब्लीच ३२ पट पातळ करून जागा पुसावी, मग पाण्याने धुऊन वाळवावी आणि नंतरच मांजराला तेथे सोडावे. ही सारी आपल्या भाषेत निदानपरिवर्जन आणि पथ्यसेवनच होय. यात पुडी नाही, तरी चिकित्सा आहे.

केव्हा थांबू नये

मोठ्या मांजराने २४ तास काही खाल्ले नाही, पिलाने अर्धा दिवस दूध वा अन्न घेतले नाही, तोंड उघडून श्वास चालू आहे, झोपेतही मिनिटाला ४० हून अधिक श्वास होत आहेत, डोळा उघडत नाही किंवा बुबुळावर पांढरेपणा दिसतो, तोंडातून लाळ गळते, स्राव घट्ट पिवळा-हिरवा झाला आहे, किंवा दहा दिवसांतही उतार नाही, अशा वेळी घरगुती उपचारांत एक दिवसही घालवू नये. एकाच नाकपुडीतून सतत स्राव वा रक्त येत असेल तर ती सर्दी नसून नाकात अडकलेले कुसळ किंवा गाठही असू शकते.

आणखी एक सावधगिरी आता आवश्यक झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मरण पावले. मार्जारकुलाला हा विषाणू किती घातक आहे, हे महाराष्ट्राने त्यातून पाहिले. म्हणून मांजराला कच्चे कोंबडीचे मांस किंवा दुकानाबाहेर टाकलेली आतडी खाऊ देऊ नयेत. आणि परिसरात पक्षी वा कोंबड्या अचानक मरत असताना मांजराला श्वासविकार झाला, तर त्याला हाताळण्याआधी पशुसंवर्धन विभागास कळवावे. आजारी मांजर चावले वा ओरबाडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन अलर्करोगाच्या लसीसाठी ताबडतोब जावे, हेही आपण त्याच बैठकीत सांगावे.

कायदा आणि आपले स्थान

१९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत माणसाबरोबर प्राण्यांचाही उल्लेख आहे. त्याचा आधार घेऊन काही जण म्हणतात की आपल्याला पशुचिकित्सेची मुभा आहे. परंतु ती व्याख्या औषधाची आहे, चिकित्सकाची नव्हे. पशुचिकित्सेचा व्यवसाय कोणी करावा, हे भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० ने ठरविले आहे, आणि तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा आहे. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ खालील आपली नोंदणी त्या अधिकाराची जागा घेत नाही. बिगर-नोंदणीकृत माणसाने वैद्यकी केली तर आपण संघटनेतून आवाज उठवितो. तोच न्याय आपल्यालाही लागू आहे.

यावर "मग आम्ही केवळ नाही म्हणायचे काय?" असा प्रश्न येईल. तो रास्त आहे. रविवारी संध्याकाळी आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठविणे वैद्याच्या स्वभावात नाही. म्हणूनच 'नाही' म्हणण्याबरोबर देण्यासारखे काही हवे. त्यासाठी तीन सूचना मांडतो.

पहिली, आपल्या सदस्यांच्या दवाखान्यांत आणि दुकानांत मराठीत एक छोटे पत्रक असावे: मांजराला काय देऊ नये, घरी काय करावे, केव्हा धाव घ्यावी, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता. मांजराच्या पिलांना सहा-आठ आठवड्यांपासून द्यावयाच्या त्रिगुणी लसीचा उल्लेखही त्यात असावा. हर्पीस आणि कॅलिसि या दोहोंविरुद्ध तिचा उपयोग होतो. संसर्ग पूर्णपणे टळतोच असे नाही, पण आजाराची तीव्रता कमी होते.

दुसरी, बाम आणि सुगंधी तेले तयार करणाऱ्या आपल्या औषधनिर्मात्यांनी वेष्टनावर "मांजरांसाठी वापरू नये" ही ओळ छापावी. यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. एका ओळीची शाई पुरेशी आहे.

तिसरी, तालुक्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांना आपल्या त्रैमासिक बैठकीस निमंत्रण द्यावे. शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्या महामार्गावरच आहे. आपल्या कोणत्या द्रव्यांचा मांजरात सुरक्षित उपयोग होऊ शकेल, याचा खरा अभ्यास तेथील प्राध्यापक आणि आपले जाणते वैद्य यांनी मिळून करावा. तो अभ्यास हाती येईल तेव्हा मार्जारासाठीही ग्रंथ लिहिता येईल, जसा पालकाप्याने हत्तीसाठी लिहिला. तोवर अंदाजाला अनुभव म्हणू नये.

डोळे मिटून दूध पिण्याची ख्याती मांजराची आहे. "थोडेसे द्या, अपाय नाही" असे कोणी म्हणाल्यावर आपणही डोळे मिटून पुडी बांधू लागलो, तर त्याची किंमत एका मुक्या जीवाला मोजावी लागेल, आणि ज्या श्रद्धेने तो जीव आपल्याकडे आणला गेला तिलाही. न देणे हेही कित्येकदा चिकित्सकाचे कर्तव्य असते, याचा विचार वैद्यबंधूंनी आणि औषधी दुकानदारांनी अवश्य करावा, ही विनंती.